लाल शाईतला ‘निळा’: संशोधनपद्धतीच्या संज्ञा एकाच प्रयोगातून

एका कार्डावर रंगीत चौकोन छापलेले आहेत. दुसऱ्या कार्डावर रंगांची नावं आहेत, पण शाई भलतीच: ‘निळा’ हा शब्द लाल शाईत, ‘हिरवा’ काळ्या शाईत. दोन्ही वेळा काम एकच, शाईचा रंग मोठ्याने सांगत जायचं. चौकोन भराभर संपतात. शब्दांपाशी जीभ अडखळते, कारण ज्याला वाचता येतं त्याला समोरचा शब्द न वाचणं काही केल्या जमत नाही.

हा स्ट्रूपचा प्रयोग. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे पीएच.डी.साठी केला आणि १९३५ साली प्रसिद्ध केला. १०० जणांना १०० चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, तर १०० विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. फरक ४७ सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ पाऊणपट जास्त वेळ. (पुढे स्ट्रूप बायबल शिकवण्यात आणि धर्मोपदेशात रमले. ज्या प्रयोगाला त्यांचं नाव आहे, तो मात्र मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत अजून चालू आहे.)

संशोधनपद्धतीच्या पेपरातल्या बहुतेक संज्ञा या दोन कार्डांवर दाखवता येतात. परीक्षेत विद्यार्थी अडकतात ते व्याख्या येत नाहीत म्हणून नव्हे. प्रत्येक संज्ञा कुठल्या शंकेचं उत्तर म्हणून जन्माला आली, हे कोणी सांगितलेलं नसतं. शंका खरं तर एकच आहे: हे ४७ सेकंद नक्की कशामुळे वाढले?

परिवर्त्यं: कोण कोणावर अवलंबून

जी गोष्ट बदलू शकते ते परिवर्त्य. काही पुस्तकांत त्यालाच ‘चल’ म्हणतात. परीक्षेत कुठलाही शब्द वापरा, पण एका उत्तरात एकच. प्रयोगकर्ता जे मुद्दाम बदलतो ते स्वाश्रयी परिवर्त्य. इथे ते म्हणजे कार्डाचा प्रकार, आणि त्याच्या पातळ्या दोन: चौकोन आणि विसंगत शब्द. त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजायचा ते पराश्रयी परिवर्त्य. इथे ते कार्ड पूर्ण करायला लागलेला वेळ.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘स्वाश्रयी परिवर्त्य: रंग’ असं लिहिणं. रंग दोन्ही कार्डांवर तेच आहेत, ते बदललेलेच नाहीत. ओळखायची सोपी खूण अशी: दोन कार्डं शेजारी ठेवा आणि फरक काय ते एका वाक्यात सांगा. जो फरक सांगाल तेच स्वाश्रयी परिवर्त्य. सांगताना ‘आणि’ म्हणावं लागलं, म्हणजे एका कार्डावर शब्द आहेत ‘आणि’ त्यांचे ठसे लहानही आहेत, तर कार्डं पुन्हा छापा.

कार्यात्मक व्याख्या, किंवा ‘निळं’ चालेल का?

‘लागलेला वेळ’ म्हणजे काय, हे इतकं उघड वाटतं की त्यावर कोणी थांबत नाही. घड्याळ कधी सुरू करायचं, ‘सुरू करा’ म्हटल्यावर की पहिला रंग उच्चारल्यावर? चुकीचा रंग सांगितला तर? स्ट्रूप यांनी नियम ठरवून टाकला होता: चूक लक्षात आली तर तिथेच दुरुस्त करायची, दुरुस्त न केलेल्या प्रत्येक चुकीसाठी त्या कार्डावरच्या एका शब्दाला सरासरी लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ एकूण वेळेत मिळवायचा. कुणी दुसरा माणूस नुसतं वाचून तेच मोजमाप जसंच्या तसं करू शकेल, इतकी नेमकी व्याख्या म्हणजे कार्यात्मक व्याख्या.

मराठीत हा प्रयोग करताना तिची गरज लगेच कळते. कार्डावर ‘निळा’ आहे, पण प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतो तो, हल्ली ‘सहभागी’ म्हणतात) ‘निळं’ म्हणतो, ‘निळी’ म्हणतो, मधेच ‘ब्ल्यू’ म्हणतो. यातलं बरोबर काय? मराठीत रंगाचं नाव लिंगाप्रमाणे बदलतं, तेव्हा निळा-निळी-निळं तिन्ही बरोबर धरायला हरकत नाही. ‘ब्ल्यू’ बरोबर धरायचं का, हे मात्र आधी ठरवा आणि सूचनेत सांगा. मूळ प्रयोगात लाल, निळा, हिरवा यांच्याबरोबर तपकिरी आणि जांभळा होते. ‘तपकिरी’ आपल्याकडे पुस्तकात राहतो. बोलताना लोक ‘चॉकलेटी’ म्हणतात. तो आठवायला लागलेला अर्धा सेकंद तुमच्या मोजमापात विनाकारण शिरतो. म्हणून लाल, निळा, हिरवा, काळा हे चार पुरेत. प्रत्येकी १२ याप्रमाणे ४८ ठसे, ८-८ च्या ६ ओळी, एकच रंग लागोपाठ दोनदा नको, आणि चौकोनांच्या कार्डावरही रंगांचा क्रम तोच. पिवळा टाळा, पांढऱ्या कागदावर तो फिका पडतो.

चोरवाटेने येणारी कारणं

स्वाश्रयी परिवर्त्य सोडून आणखी ज्या गोष्टी निकालावर परिणाम करू शकतात त्या बाह्य परिवर्त्यं. खोलीतला उजेड, बाहेरचा गोंगाट, प्रयुक्ताची झोप. लाल-हिरवा रंगांधळेपणा पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून सुरुवातीला चारही रंग दाखवून नावं विचारून घ्यावीत. मराठी कार्ड असेल तर शाळेचं माध्यमही महत्त्वाचं. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीला ‘निळा’ हा शब्द कमी त्रास देतो, कारण शब्द मनात उमटायच्या आत ती शाई पाहून मोकळी होते. जी भाषा जास्त सरावाची, तिच्यात अडथळा जास्त. तेव्हा वर्गातल्या पाच जणींवर परिणाम दिसलाच नाही, तर प्रयोग फसला असं लिहायच्या आधी त्या कुठल्या माध्यमात शिकल्या ते बघा.

बाह्य परिवर्त्य जेव्हा स्वाश्रयी परिवर्त्याच्या हातात हात घालून बदलतं, तेव्हा खरी पंचाईत होते. समजा, सगळ्यांना आधी चौकोन आणि नंतर शब्द दिले. मग शब्दांना जास्त वेळ लागला तो विसंगतीमुळे, की तोपर्यंत कंटाळा आला म्हणून? दोन कारणं एकमेकांत अशी मिसळली की नंतर कुठलीही आकडेमोड ती वेगळी करू शकत नाही. हे संभ्रमी परिवर्त्य. इलाज आधीच करावा लागतो: निम्म्या प्रयुक्तांना चौकोन आधी, निम्म्यांना शब्द आधी. याला प्रतिसंतुलन म्हणतात. सराव आणि थकवा नाहीसे होत नाहीत, दोन्ही कार्डांवर सारखे वाटले जातात.

प्रयोगकर्ता स्वतःही एक बाह्य परिवर्त्य असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपास केला, तेव्हा कळलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या मानेची, चेहऱ्याची बारीक हालचाल व्हायची आणि घोडा ती टिपायचा. मालक लबाडी करत नव्हता, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. म्हणूनच सूचना छापील कागदावरून, सगळ्यांना शब्दशः सारखी वाचून दाखवायची. ‘आता हे जरा अवघड आहे हं’ असं शब्दांच्या कार्डाआधी म्हणालात, की हान्सचा मालक झालात.

गट पाडणं आणि माणसं निवडणं

वरच्या प्रयोगात प्रत्येक माणूस दोन्ही कार्डं करतो. म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. मुळातला जलद-मंदपणा आपोआप बाजूला पडतो. पण काही बाबतींत हे शक्य नसतं. पाठांतराची नवी रीत शिकवल्यावर ती ‘न शिकलेली’ अवस्था परत आणता येत नाही. तिथे दोन गट लागतात: रीत शिकवलेला प्रायोगिक गट आणि न शिकवलेला नियंत्रित गट. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पुढच्या बाकांवरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्यात, ही सोय झाली, यादृच्छिक विभागणी नव्हे. पुढे कोण बसतं हे सगळ्यांना माहीत आहे.

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. यादृच्छिक विभागणी वेगळी आणि यादृच्छिक नमुना वेगळा. पहिलीत हाताशी असलेली माणसं गटांत कशी वाटली हा प्रश्न असतो. तिच्यामुळे ‘फरक कशामुळे’ याचं उत्तर खात्रीचं होतं. दुसऱ्यात मुळात माणसं कुठून आणली हा प्रश्न असतो. त्यावर निष्कर्ष कोणाला लागू होईल ते ठरतं. वर्गातल्या २० मैत्रिणी हा सोयीचा नमुना. स्ट्रूपच्या प्रयोगाला तो चालून जातो, कारण अडखळणं जवळपास प्रत्येक साक्षर माणसात दिसतं. ‘महाराष्ट्रातल्या तरुणांची मतं’ असा विषय असेल तर मुळीच चालत नाही.

नमुना नुसता मोठा असून भागत नाही, हे १९३६ मध्ये अमेरिकेत चारचौघांत सिद्ध झालं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन राष्ट्राध्यक्ष होणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? शिवाय उलट टपाली उत्तर द्यायची तसदी घेणारे लोक बाकीच्यांसारखे नव्हते. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरवून ‘न = ४००’ (नमुन्यात ४०० माणसं) असं ऐटीत लिहिण्याआधी हे आठवावं.

शून्य परिकल्पना आणि आठ कप चहा

परिकल्पना म्हणजे तपासून पाहता येईल असं विधान: ‘विसंगत शब्दांच्या शाईचा रंग सांगायला चौकोनांपेक्षा जास्त वेळ लागेल.’ (जुन्या पुस्तकांत ‘अभ्युपगम’ सापडेल, अर्थ तोच. ‘गृहीतक’ मात्र वेगळं: ते आपण न तपासता धरून चालतो, जसं की सगळ्या प्रयुक्तांना वाचता येतं.) संख्याशास्त्र थेट ही परिकल्पना तपासत नाही. ते तिच्या उलट, ‘काहीच फरक नाही’ ही शून्य परिकल्पना समोर ठेवतं आणि विचारतं की फरक नसता, तर असे आकडे निव्वळ योगायोगाने किती वेळा आले असते?

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हे चहाच्या उदाहरणाने मांडलं, तेही १९३५ सालीच. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा एका बाईंचा दावा. आठ कप करायचे, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम यादृच्छिक. बाईंनी ‘आधी दूध’ असलेले चार निवडायचे. आठातून चार निवडायच्या रीती ७०, आणि पूर्ण बरोबर रीत एकच. म्हणजे त्यांना काही म्हणजे काही कळत नसलं तरी सगळे कप बरोबर यायची शक्यता ७० त १, सुमारे ०.०१४. हेच पी-मूल्य. आपण आधीच ठरवलेली हद्द, म्हणजे सार्थकता स्तर, सहसा ०.०५ असतो. ०.०१४ त्याच्या आत आहे, तेव्हा शून्य परिकल्पना त्याज्य.

आता त्यांची एक चूक झाली असती तर? चारातले तीन बरोबर यायच्या रीती १६, त्यात पूर्ण बरोबरची १ मिळवली की १७. सत्तरात सतरा म्हणजे ०.२४. ऐकायला ‘चारातले तीन बरोबर’ भारी वाटतं, पण नुसत्या अंदाजानेही चारात एकदा हे घडेल. तेव्हा शून्य परिकल्पना त्याज्य ठरवता येत नाही. ती खरी ठरली असं मात्र लिहू नका. पुरावा अपुरा पडला, एवढंच.

पी ०.०१४ आला म्हणजे ‘शून्य परिकल्पना खरी असायची शक्यता १.४ टक्के’ असं म्हणणं साफ चूक, आणि ही चूक शिकवणाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येते. पी-मूल्य शून्य परिकल्पना खरी धरूनच काढलेलं असतं. तेच तिच्या खरेपणाची शक्यता कसं सांगणार?

नसलेला फरक आहे म्हणणं ही पहिल्या प्रकारची चूक. असलेला फरक निसटणं ही दुसऱ्या प्रकारची. ०.०५ चा स्तर म्हणजे पहिल्या प्रकारच्या चुकीला दिलेली वीसात एक एवढी सवलत. फरक कुठेच नसताना वीस वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या चाचण्या केल्या, तर निदान एक तरी ‘सार्थक’ निघायची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. प्रकल्पात २० सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने किती वाढतात-घटतात याची मापं) काढून त्यातला एकच ‘लागलेला’ निष्कर्षात मिरवतात, तो बहुधा इथून आलेला असतो.

पाच जणांची आकडेमोड

कल्पनेतले पाच प्रयुक्त घेऊ. चौकोनांचा वेळ ३२, ३५, ३०, ३८, ३५ सेकंद, मध्यमान ३४. शब्दांचा वेळ त्याच क्रमाने ५०, ५८, ४६, ६१, ५०, मध्यमान ५३. (शाळेच्या गणितात ज्याला मध्य आणि मध्यक म्हणत होतो, त्यांना मानसशास्त्राची पुस्तकं मध्यमान आणि मध्यांक म्हणतात. एखादा प्रयुक्त मधेच मोबाइल बघत बसला आणि त्याचे २४० सेकंद झाले तर मध्यमान उडी मारतं, मध्यांक जवळपास जागेवर राहतो.)

प्रत्येकाचा फरक काढा: १८, २३, १६, २३, १५. फरकांचं मध्यमान १९. आता प्रत्येक फरक १९ पासून किती दूर: –१, ४, –३, ४, –४. वर्गांची बेरीज ५८, तिला ४ ने भागून १४.५, त्याचं वर्गमूळ ३.८१. हे फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांत निकाल साधारण किती विखुरलेला आहे त्याचं माप. ३.८१ ला ५ च्या वर्गमूळाने भागलं की १.७०, ही प्रमाण त्रुटी, म्हणजे फरकांचं मध्यमान नमुन्यागणिक साधारण किती हलेल त्याचं माप. १९ भागिले १.७० म्हणजे टी (फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा) सुमारे ११.२. स्वाधीनता मात्रा (तक्त्यातली कुठली ओळ बघायची ते सांगणारा आकडा) ५ वजा १, म्हणजे ४, तक्त्यात ०.०५ स्तरावर द्विपुच्छ किंमत (फरक कुठल्याही दिशेचा असला तरी चालणारी हद्द) २.७७६. आपला टी तिच्या कितीतरी वर आहे.

याच आकड्यांना चुकून दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावली तर टी येतो ६.१. निकाल इथे बदलत नाही, कारण परिणामच दांडगा आहे. पण परिणाम बारीक असता तर तो याच चुकीत बुडाला असता. माणसं तीच असतील तर सहसंबंधित गटांची चाचणी, वेगळी असतील तर स्वतंत्र गटांची. सॉफ्टवेअर तुम्हाला हे विचारत नाही.

सहसंबंध

इथे प्रयोगकर्ता काही बदलत नाही, दोन गोष्टी नुसत्या मोजतो. गुणांक –१ ते +१ मध्ये असतो. चिन्ह दिशा सांगतं, आकडा बळ. तेव्हा –०.८ हा +०.५ पेक्षा जास्त बळकट. पहिली ते सातवीच्या मुलांचा चपलेचा नंबर आणि शब्दसंपत्ती मोजलीत तर चांगला धन सहसंबंध मिळेल. मोठ्या चपला घेऊन दिल्याने शब्द वाढत नाहीत. वय दोन्ही वाढवतं. चपलेच्या बाबतीत हे सगळ्यांना पटतं, ‘मोबाइलचा वापर आणि नैराश्य’ असा विषय आला की विसरायला होतं.

विश्वसनीयता आणि वैधता

स्टॉपवॉच वेळच मोजतं, त्याबद्दल वाद नाही. प्रश्नावली काय मोजते, हा मात्र मोठा प्रश्न. तीच कसोटी त्याच लोकांना काही आठवड्यांनी दिली आणि गुण साधारण जुळले तर ती विश्वसनीय. जे मोजायचा दावा आहे तेच मोजत असेल तर वैध. शाब्दिक उदाहरणांनी भरलेली गणिताची चाचणी दर वेळी तेच गुण देईल, पण भाषा कच्ची असलेल्या मुलाचं ती वाचन मोजते. विश्वसनीय आहे, वैध नाही.

भाषांतरित प्रश्नावल्यांत वैधता हमखास गळते. चिंतेच्या इंग्रजी मापिकेतलं विधान शब्दशः आणून ‘माझ्या पोटात फुलपाखरं उडतात’ असं विचारलं, तर साताऱ्याची आजी हसेल. मराठीत पोटात गोळा येतो. म्हणून एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून बघायचे. एवढ्यानेही भागत नाही, कारण गुणांचा अर्थ लावायला लागणारे मानदंडही इथल्याच लोकांवरून काढावे लागतात. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ते काम याच जातीचं. बिने-कामत कसोटीचं नाव अजूनही ऐकू येतं. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवरून काढलेले मानदंड आजच्या मुलाला लावताना जपूनच लावावे लागतात.

राहता राहिली जर्नलमधली, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीतली, निष्कर्षाची ओळ. ‘स्ट्रूप परिणाम सिद्ध झाला’ असं लिहू नका. असं लिहा: ‘सोयीच्या नमुन्यातील मराठी माध्यमाच्या २० प्रयुक्तांना, प्रतिसंतुलित क्रमाने दिलेल्या दोन कार्डांपैकी विसंगत शब्दांच्या कार्डास चौकोनांच्या कार्डापेक्षा सार्थकरीत्या जास्त वेळ लागला, शून्य परिकल्पना ०.०५ स्तरावर त्याज्य.’ आणि त्याखाली, न विचारता, कोणता प्रयुक्त मधे हसला, कोणाचा फोन वाजला आणि ते वेळ धरले की वगळले, तेही लिहा.